सूर्यग्रहण आणि नऊ दिवसांचा चंद्र? आल्मनॅकवाल्यांच्या बाजूने दोन शब्द

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत जुन्या इंग्लंडमधल्या ग्रहणांच्या भीतीवर जो मोठा लेख आला होता तो मी दोनदा वाचला. आवडला, खोटं कशाला बोलू, पण दोन गोष्टी खटकल्या आणि त्यातली एक तर सरळसरळ हिशोबाची चूक आहे. मी खगोलवाला नाही, आयुष्यभर ऑफिसात दुसऱ्यांचे हिशोब तपासले, त्यामुळे आकडा दिसला की तो ताडून बघायची खोड काही जात नाही.

लेखात म्हटलंय की ८ एप्रिल १६५२ ला इंग्लंडमध्ये मोठं सूर्यग्रहण झालं. आता त्या काळच्या इंग्रजी आल्मनॅकांमध्ये, म्हणजे त्यांच्या वार्षिक पंचांगांमध्ये म्हणा ना, चंद्राचं वय, म्हणजे अमावस्येपासून किती दिवस झाले ते, काढायचा एक साधा नियम चालायचा, खलाशीसुद्धा तो तोंडपाठ ठेवायचे. सनाला १९ ने भागायचं, जी बाकी राहील त्यात १ मिळवायचा, तो झाला गोल्डन नंबर. त्याला ११ ने गुणून ३० ने भागायचं, बाकी उरते तिला एपॅक्ट म्हणतात. मग एपॅक्ट, महिन्याची तारीख, आणि मार्चपासून धरून कितवा महिना ते, तिन्हींची बेरीज, ३० च्या वर गेली तर ३० वजा, झालं चंद्राचं वय. मी पेन्सिल घेतली आणि बसलो. १६५२ ला १९ ने भागलं, बाकी १८, म्हणून गोल्डन नंबर १९. एकोणीस अकरे २०९, तीसने भागून बाकी २९. एप्रिल हा मार्चपासून दुसरा, म्हणून २९ अधिक ८ अधिक २, झाले ३९, तीस गेले, उरले ९. म्हणजे चंद्र नऊ दिवसांचा! नऊ दिवसांच्या चंद्राला सूर्यग्रहण कसं होईल हो, सूर्यग्रहणाला अमावस्याच लागते. आधी वाटलं नियमच फालतू आहे, मग वाटलं माझंच गणित चुकलं, दोनदा परत केलं तरी नऊच.

मग डोक्यात प्रकाश पडला. इंग्लंडमध्ये त्या दिवशी ८ एप्रिल नव्हताच मुळी, तिथे २९ मार्च होता. पोपने १५८२ मध्ये कॅलेंडर सुधारलं पण इंग्लंडने पोपचं ऐकायचं नाही म्हणून ते घेतलं नाही, आणि जुनं ज्युलियन कॅलेंडर पार १७५२ पर्यंत ओढत नेलं, त्यामुळे समुद्रापलीकडे फ्रान्समध्ये जी तारीख असायची तिच्या दहा दिवस मागे लंडन चालायचं. आता २९ मार्च घालून बघा. २९ अधिक २९ अधिक १, झाले ५९, तीस गेले, उरले २९. चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांचा, म्हणजे बरोब्बर अमावस्येच्या तोंडावर. नियमाने साडेतीनशे वर्षांनंतरसुद्धा तुमच्या लेखातली चूक पकडली, आणि मला मान्य करायला हरकत नाही की त्या क्षणी जो आनंद झाला तो ऑडिटमध्ये घोळ सापडल्यावर व्हायचा तसाच होता. (हा नियम ढोबळ आहे, एखाद्या दिवसाचा फरक पडू शकतो, पण नऊ दिवसांचा नाही पडत.)

दुसरी खटकलेली गोष्ट ही की लेखात सगळ्या आल्मनॅकवाल्यांना एकाच माळेचे मणी करून टाकलंय. "भीती विकणारे भोंदू" असे शब्द आहेत. अर्धं खरं आहे. त्या १६५२ च्या ग्रहणाच्या आधी विल्यम लिली, निकोलस कल्पेपर वगैरे ज्योतिषी मंडळींनी काय काय छापलं होतं ते बघितलं तर भोंदू म्हणावंसं वाटणारच, राज्यं उलथणार, अंधार होणार, आणि लोक इतके घाबरले की जॉन एव्हलिनने डायरीत लिहून ठेवलंय की त्या दिवशी कोणी काम करेना, घराबाहेर पडेना. त्या सोमवारला ब्लॅक मंडे नाव पडलं. आणि झालं काय, तर लंडनमध्ये खग्रास नव्हतंच, खग्रासचा पट्टा आयर्लंड आणि स्कॉटलंडवरून गेला, लंडनकरांना नुसतं खंडग्रास दिसलं, जग आपलं जिथल्या तिथे. मग या भविष्यवाल्यांची जी काही टर उडाली म्हणता!

पण जरा थांबून बघा. ग्रहण झालं का? झालं. त्याच दिवशी झालं का? त्याच दिवशी. म्हणजे गणित बरोबर होतं, खोटं ठरलं ते गणिताला चिकटवलेलं भविष्य. दोन्ही एकाच चोपडीत, कधी कधी एकाच पानावर, एकाच माणसाच्या नावावर, पण दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि लेखात त्या वेगळ्या केलेल्या नाहीत हेच माझं म्हणणं आहे.

हे आल्मनॅक म्हणजे काय चीज होती ते आधी लक्षात घ्या. साधारण दोन पेन्सची खिशात मावणारी चोपडी. दर महिन्याचं एक पान, संतांचे दिवस, त्यातले मोठे लाल शाईत, सूर्योदय-सूर्यास्त, चंद्राच्या कला, चंद्र कोणत्या राशीत, ग्रहांचे योग, वर्षातली ग्रहणं, मग भरतीचं कोष्टक, जत्रांच्या तारखा, कोर्टाची सत्रं. एक चित्र हमखास असायचं, उघडा माणूस आणि त्याच्या अंगावर बारा राशी, डोक्यावर मेष आणि पायाशी मीन, चंद्र ज्या राशीत असेल त्या अवयवाचं रक्त काढायचं नाही म्हणून. काहींमध्ये कोरी पानं घालून विकायचे, लोक त्यावर रोजचं लिहायचे, एव्हलिनची डायरीसुद्धा लहानपणी अशाच कोऱ्या पानांच्या आल्मनॅकात सुरू झाली. १६६० च्या दशकात वर्षाला चार लाखांच्या आसपास प्रती खपायच्या असं इतिहासकार सांगतात, म्हणजे दर तीन कुटुंबांमागे एक! छापायचा मक्ता १६०३ पासून स्टेशनर्स कंपनीकडे, म्हणजे लंडनच्या छापखानेवाल्या-पुस्तकवाल्यांच्या संघाकडे, तो १७७५ मध्ये थॉमस कार्नन नावाच्या पुस्तकवाल्याने कोर्टात जाऊन मोडेपर्यंत टिकला. ती वेगळी गंमत आहे, आत्ता नको.

आता या पानांवरचे आकडे यायचे कुठून? हवेतून नाही. आधी एक कोष्टक पाहिजे, तेराव्या शतकातली अल्फोन्सो राजाच्या नावाची कोष्टकं, मग १५५१ ची राइनहोल्डची, ती कोपर्निकसच्या गणितावर बसवलेली, आणि मग १६२७ ची केप्लरची. कोष्टकात एका ठरलेल्या दिवशी ग्रह कुठे होता ते दिलेलं, त्यात इतक्या वर्षांची गती मिळवा, इतक्या महिन्यांची मिळवा, दिवसांची, तासांची मिळवा, ती आली सरासरी जागा, पण ग्रह काही सरासरीने चालत नाही, कधी जोरात कधी हळू, म्हणून अजून एक कोष्टक बघून दुरुस्ती, आणि चंद्राला तर एक दुरुस्ती पुरतच नाही, दोन-तीन-चार लागतात, तो भल्याभल्यांना दमवतो, खुद्द न्यूटनला दमवलं त्याने.

बरं, आलेली वेळ लंडनची नसतेच! राइनहोल्डची कोष्टकं कोनिग्सबर्गची, केप्लरची टायको ब्राहेच्या वेधशाळेच्या बेटाची, ते बेट लंडनच्या पूर्वेला साधारण पावणेतेरा अंश. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे जवळजवळ ५१ मिनिटं वजा करायची. विसरलात तर ग्रहण पाऊण तास उशिरा छापलं जाणार आणि गावातला प्रत्येक माणूस अंगणात उभा राहून तुमची चूक बघणार. म्हणून तर त्यांच्या मुखपृष्ठावर लिहिलेलं असायचं की हे अमुक गावाच्या मध्यान्हरेषेसाठी केलंय, पण इंग्लंडच्या बहुतेक भागाला चालेल. चंद्रग्रहण त्या मानाने सोपं, ते सगळ्यांना एकाच क्षणी दिसतं, फक्त घड्याळं वेगळी. सूर्यग्रहण मात्र जीव काढतं, कारण चंद्र इतका जवळ आहे की जागा बदलली की तो आकाशात सरकलेला दिसतो, एक अंशापर्यंत सरकतो, आणि त्याची स्वतःची रुंदी फक्त अर्धा अंश, म्हणजे एका गावात सूर्य पूर्ण झाकला आणि दुसऱ्या गावात नुसता कोपरा चावला असं होतं. ब्लॅक मंडेला लंडनच्या लोकांची जी निराशा झाली (की सुटका म्हणू?) ती याचमुळे. आणि चंद्र तासाला साधारण आपल्या रुंदीइतका पुढे जातो, म्हणजे त्याच्या जागेत अंशाच्या सहाव्या भागाची चूक असली तरी ग्रहणाची वेळ वीस मिनिटांनी हलते. हे सगळं पेनने, मेणबत्तीच्या उजेडात, नेपियरचे लॉगरिदम १६१४ मध्ये आले तेव्हा कुठे गुणाकार जरा हलके झाले.

सगळेच हे करायचे असं मी म्हणत नाही. बरेच जण इटलीतल्या आर्गोलीची छापील ग्रहस्थानं समोर ठेवून उतरवून काढायचे, उतरवताना चुका, मग दुसरा त्याची चूक उतरवणार, आमच्या ऑफिसातल्यासारखंच. पण व्हिन्सेंट विंगसारखा माणूस बघा. रटलंड परगण्यातल्या नॉर्थ लफनम गावचा जमीन मोजणारा, कुठल्या विद्यापीठाचा शिक्का नाही, स्वतः शिकलेला, आल्मनॅकही काढायचा, तो भरपूर खपायचा, आणि त्याच माणसाने केप्लरच्या लंबवर्तुळांवर इंग्लंडमध्ये जाडजूड ग्रंथ लिहिले. तरुण न्यूटनने विंगचा १६६९ चा ग्रंथ टिपणं काढत वाचला. त्याचा प्रतिस्पर्धी थॉमस स्ट्रीट, तो तर करखात्यात कारकून, म्हणजे आमच्याच बिरादरीतला! दोघांची छापील भांडणं व्हायची, कोणाचं गणित जास्त बरोबर यावरून. स्ट्रीटच्या १६६१ च्या पुस्तकातून न्यूटनने केप्लरचा तिसरा नियम उचलला. ही माणसं "भीती विकणारे" नव्हती, किंवा होती तर तो त्यांचा साइड बिझनेस होता.

अजून एक, जे लेखात असायलाच पाहिजे होतं. कोपर्निकसच्या सिद्धांताचं इंग्रजी भाषेतलं पहिलं नीट वर्णन कुठे छापलं गेलं माहितीये? आल्मनॅकाच्याच शेपटाला. लेनर्ड डिगेस नावाच्या माणसाचं एक कायमस्वरूपी चालणारं आल्मनॅक होतं, हवामानाचे अंदाज वगैरे असलेलं, त्याच्या मुलाने, थॉमस डिगेसने, १५७६ च्या आवृत्तीला मागे एक पुरवणी जोडली, सूर्य मध्ये, पृथ्वी फिरतेय, आणि वर आकृतीत तारे असे काढले की ते कुठल्या गोलाला चिकटलेले नाहीत, बाहेर अनंतापर्यंत पसरलेत, हे कोपर्निकसनेही केलं नव्हतं. बापाच्या पुस्तकात पृथ्वी स्थिर आणि मागच्या पानांवर मुलाची पृथ्वी फिरतीये, घराघरातलं भांडण म्हणायचं! त्याच्याही वीस वर्षं आधी जॉन फील्डने १५५७ सालासाठी कोपर्निकस-राइनहोल्डच्या पद्धतीने ग्रहस्थानं काढून छापली होती, प्रस्तावना जॉन डी या गणितज्ञाची. याच डीने पुढे १५८३ मध्ये एलिझाबेथ राणीला सांगितलं की आपणही तारखा सुधारून घेऊ, गणित करून दिलं, पण चर्चवाल्यांनी मोडता घातला. ऐकलं असतं तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती.

लिलीचं समर्थन मी करणार नाही. त्याने १६५१ मध्ये आगीत जळणाऱ्या शहराचं चित्र छापलं आणि १६६६ ला लंडन जळल्यावर संसदेच्या समितीने त्याला बोलावून विचारलं की बाबा तुला आधी माहीत कसं, तर म्हणे साल-तारीख मला ठाऊक नव्हती. आणि जॉन पार्ट्रिजचं तर फारच झालं, दुसऱ्यांची मरणं वर्तवायचा, तर १७०८ मध्ये गलिव्हरवाल्या स्विफ्टने टोपणनावाने भविष्य छापलं की २९ मार्चला रात्री पार्ट्रिजच मरणार, मग दिवस उलटल्यावर मेल्याची बातमीही छापून टाकली, आणि बिचाऱ्याला पुढच्या आल्मनॅकात लिहावं लागलं की मी जिवंत आहे. हसून हसून पुरेवाट. पण इथेही तेच, पार्ट्रिजच्या भविष्याची थट्टा झाली, अमावस्या-पौर्णिमेच्या रकान्याची कोणी केली नाही, कारण तो रकाना रोज रात्री आकाशात तपासला जात होता.

भरतीचंच घ्या. चंद्राच्या वयाला ४ ने गुणून ५ ने भागा, चंद्र डोक्यावर, म्हणजे दक्षिणेला, किती वाजता येतो ते मिळतं, त्यात लंडन ब्रिजसाठी ३ तास मिळवा, भरतीची वेळ आली. दहा दिवसांचा चंद्र, आठ वाजता दक्षिणेला, अकराला भरती. नावाडी काही ग्रंथ वाचत नव्हता, पण आकडा चुकला तर त्याची होडी चिखलात रुतणार होती. ग्रीनिचला १६७५ मध्ये वेधशाळा झाली, पहिला राजखगोलज्ञ फ्लॅमस्टीड, त्यानेसुद्धा लंडन ब्रिजच्या भरतीची सुधारित कोष्टकं काढली कारण जुनी पुरेशी बरोबर येत नव्हती. आणि हाच फ्लॅमस्टीड तरुणपणी डर्बीला घरी बसून काय करत होता, तर १६७० सालाचं आल्मनॅक! ते छापणाऱ्यांनी परत केलं, सामान्य माणसाच्या डोक्यावरून जाईल म्हणून. मग त्याने त्यातलं ग्रहण आणि चंद्र कोणत्या ताऱ्यांजवळून जाणार तेवढं काढून रॉयल सोसायटी या शास्त्रज्ञांच्या संस्थेला पाठवलं, स्वतःच्या नावाची अक्षरं उलटसुलट करून सही केली, आणि तिथून त्याचं नशीब उघडलं. न खपलेल्या आल्मनॅकातून राजखगोलज्ञ निघाला. लेखात याचं एक वाक्य तरी?

बायकांचाही उल्लेख नाही. सारा जिनरची आल्मनॅकं १६५८ पासून निघत होती. आणि १७०४ मध्ये कॉव्हेंट्रीच्या जॉन टिपरने लेडीज डायरी नावाचं बायकांसाठीचं आल्मनॅक काढलं, त्यात काही वर्षांतच पाककृती मागे पडल्या आणि गणिताची कोडी पुढे आली, पद्यात घातलेली, उत्तरंही पद्यात यायची.

आता परत तारखांकडे. तुमच्या लेखात शेवटी एडमंड हॅलीचं ग्रहण आलंय, २२ एप्रिल १७१५. हे ग्रहण म्हणजे १६५२ चा उतारा म्हणायचा. हॅलीने आधीच इंग्लंडचा नकाशा छापून सावली कुठून कुठे जाणार ते दाखवलं, उद्देश हा की अचानक अंधार झाल्यावर लोकांनी त्यात नव्या जॉर्ज राजाचं वाईट बघू नये. आणि वर लोकांना विनंती की तुमच्या गावी अंधार किती वेळ राहिला ते मोजून कळवा. वेळ चार मिनिटांच्या आत बरोबर आली, पट्ट्याची कड साधारण वीस मैलांनी चुकली, ते त्याने स्वतःच सुधारून परत छापलं. लंडनमध्ये ३ मिनिटं २२ सेकंद खग्रास. पाच वर्षं आधी याच हॅलीने त्या करखात्यातल्या कारकुनाचं, स्ट्रीटचं पुस्तक पुन्हा छापून घेतलं होतं, हे दोन धागे जोडून बघा म्हणजे माझं म्हणणं कळेल.

तर ही २२ एप्रिल मी नियमात घातली. १७१५ भागिले १९, बाकी ५, गोल्डन नंबर ६, सहा अकरे ६६, बाकी ६. सहा अधिक बावीस अधिक दोन, बरोब्बर ३०, म्हणजे शून्य, अमावस्या. ही तारीख बरोबर आहे, कारण ही जुन्या इंग्रजी कॅलेंडरची आहे. नव्या कॅलेंडरने तो ३ मे होता, अकरा दिवसांचा फरक, कारण १७०० साल जुन्यात लीप इयर होतं आणि नव्यात नव्हतं, म्हणून दहाचे अकरा झाले. तेच अकरा दिवस १७५२ मध्ये एकदाचे गाळले, २ सप्टेंबरच्या दुसऱ्या दिवशी १४ सप्टेंबर.

म्हणजे लेखातल्या एकाच चौकटीत तुम्ही पहिलं ग्रहण नव्या कॅलेंडरने छापलंय आणि दुसरं जुन्या. चौकटीखाली दोन ग्रहणांमधलं अंतर वर्षं, महिने, दिवसांत दिलंय, ते त्यामुळे अकरा दिवसांनी कमी आलंय. एकतर २९ मार्च आणि २२ एप्रिल छापा, नाहीतर ८ एप्रिल आणि ३ मे छापा, मला दोन्ही चालेल, फक्त सरमिसळ नको. आणि पहिली जोडी घेतलीत तर एक तळटीपही टाका, की इंग्लंडच्या कायद्याने तेव्हा वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, त्यामुळे त्या ब्लॅक मंडेच्या पाचच दिवस आधी कोर्टाच्या कागदांवर १६५१ साल होतं, आल्मनॅकात मात्र जानेवारीपासूनच १६५२. नाहीतर माझ्यासारखा कोणीतरी जुना कागद काढून परत पत्र लिहील.

आपला,
एक निवृत्त हिशोबनीस